दऱ्यांचा दर्या: तिसरी वही अडकली आणि सुटली

तीन रविवार गेले, पण शेवटी चोर सापडला.

आजोबांची तिसरी वही, खानापूर-जांबोटीच्या भटकंतीची, टंकून झाल्याचं मागे कळवलं होतंच. मंडळींना पाठवायला म्हणून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला आणि वाचतो तर काय, 'जांबोटी सोडली की दोन्ही बाजूंना खोल दर्या'! खानापूर तालुक्यात समुद्र! पुढच्या पानावर लग्नात आमटी करपली म्हणून आजोबा 'आचार्यांना' शिव्या घालताहेत. बिचाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य झाले.

माझ्या फाईलमध्ये सगळं ठीक, चिकटवलं की बिघाड. फॉन्ट बदलला, ब्राउझर बदलला, काही नाही. खडेबाजारातल्या दुरुस्तीवाल्याचं एकच औषध: 'विंडोज परत टाकूया.' याला पोट दुखलं तरी विंडोजच परत टाकायचं असतं.

मग वैतागून 'दऱ्या' शब्द मागून एकेक पुसत गेलो. काना गेला, य गेला, आडवा र उरला. पुन्हा बॅकस्पेस दाबली तर काहीच पुसलं गेलं नाही, नुसती ती आडवी रेघ जाऊन पाय मोडलेला र उभा राहिला. म्हणजे मध्ये न दिसणारं काहीतरी बसलेलं होतं! ते होतं युनिकोडचं, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं, २००डी, शून्य रुंदीचं जोडचिन्ह. माझा फोनेटिक कीबोर्ड आडव्या र साठी ते गुपचूप घालतो आणि चिकटवताना सफाईत न दिसणारी चिन्हं झाडून टाकली जातात. मग र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), य एवढंच उरतं आणि नियमाप्रमाणे रफार डोक्यावर चढतो.

ऑफिसातल्या कन्नड मित्राला दाखवलं. तो म्हणाला, 'अरे, आमच्या रॅली शब्दाचं पण असंच होतंय की!' कन्नडात जोडचिन्ह गळलं की र चा अर्कावत्तु, म्हणजे त्यांचा रफार, होऊन अक्षराच्या मागून येतो. गंमत म्हणजे त्यांच्यात ते हलन्ताच्या आधी बसतं, आपल्यात नंतर.

उपाय सोपा निघाला. युनिकोडात ०९३१ क्रमांकावर स्वतंत्र ऱ आहे. तो, हलन्त आणि य घातला की आडवा र आपोआप येतो, लपवाछपवी नाही. आधी सगळीच जोडचिन्हं उडवणार होतो, पण काही ठिकाणी अर्धा क सुटा दिसावा म्हणून मीच ती मुद्दाम घातलीत. म्हणून लिब्रेऑफिसात फक्त र-हलन्त-जोडचिन्ह शोधून बदललं. ६१८ जागा. चिकटवून पाहिलं, दऱ्या जागेवर! चहा टाकला.

चहा निवायच्या आत पुन्हा 'दर्या'. जुन्या फॉन्टमधून आलेले फालतू नुक्ते (अक्षराखालची टिंबं) काढणारी माझीच स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) सवयीनं चालवली होती. ती आधी अक्षरं फोडते, आणि ऱ फुटला की र अधिक नुक्ता. नुक्ता गेला, सगळं मुसळ केरात. आता क्रम ठरला: आधी नुक्ते, मग ऱ.

खरं तर लिहिता लिहिताच वाटतंय, स्क्रिप्ट हवीच कशाला? चौथी वही सरळ इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर टंकतो. शिफ्ट-जे, डी, मग तिरप्या रेघेची कळ, झाला ऱ्य. शहापुरातून आणलेले देवनागरी स्टिकर मात्र घेऊ नका, आठवड्यात ड आणि ढ सुटून आले.

वही उघडली. पहिलाच शब्द, 'दुसऱ्या'.