८४ नंतर १०३: हीलचे ठसे, मॅटची लबाडी आणि शाफ्टचा बेत तूर्तास रद्द

मागच्या अपडेटमध्ये गोल्फच्या १८ होलना लागलेल्या ८४ फटक्यांच्या कार्डाचा फोटो टाकून जी काय हवा केली होती ती उतरली, रविवारी १०३. कोर्स तोच, टीज (पहिला फटका मारायच्या जागा) त्याच, बॅग तीच, वारा नाही की पाऊस नाही. बाराव्या होलवर ९ लागले आणि त्यातला एक शँक (क्लबच्या मानेला लागून तिरका उडालेला बॉल) तर थेट शेजारच्या होलच्या फेअरवेवर, मी फोर (सांभाळा!) म्हणून बोंबलेपर्यंत बॉल तिथल्या लोकांच्या ट्रॉलीपाशी पोचलेला, मग टोपी काढून सॉरी वगैरे. सात आयर्नचं (हा लोखंडी क्लब माझा कधी नीट लागतो, कधी नाही) पुढे काय झालं असं दोघातिघांनी विचारलं होतं, तर आजचं सगळं पुराण त्याचंच आहे.

आधी १९ शॉट्सचा हिशेब, कारण "आज लागतच नव्हतं" यातून कळत काहीच नाही. तीन ओबी (बॉल हद्दीबाहेर) म्हणजे स्ट्रोक अँड डिस्टन्स (एक दंड आणि परत तिथूनच मारायचं) धरून ६ गेले. पाण्यात एक, तो १. थ्री-पट (ग्रीनवर बॉल खड्ड्यात घालायला तीन घरंगळते फटके) पाच झाले, ८४ च्या दिवशी एकच होता, म्हणजे ४. चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) डफ करून, म्हणजे आधी जमिनीला मारून, ३. शँकमुळे सरळसरळ २. झाले १६. राहिले ३. म्हणजे ज्याला आपण "आज गेमच हरवला" म्हणतो तो तीन शॉट्सचा, बाकी सगळं दहाबारा ठिकाणी गळालेलं पाणी आहे. डिफरेन्शियलमध्ये (कोर्स किती अवघड ते धरून काढलेला राउंडचा आकडा, कमी तितका चांगला) बघितलं तर ८४ चं १२.२ आणि १०३ चं २५.८ (नेट डबल बोगीला, म्हणजे हँडिकॅपच्या हिशेबात एका होलला जास्तीत जास्त धरतात त्या आकड्याला, कापून ९९ धरले, बाराव्यावरच्या ९ ला तेवढाच दिलासा).

थ्री-पटांबद्दल फार रडत नाही. मार्क ब्रॉडी या कोलंबियाच्या प्रोफेसरने पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या) डेटावरून जे काढलंय त्यात टूरवाले आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. निम्मे! आणि आपण सहा फुटांचा चुकला की पटर बदलायच्या गोष्टी करतो. माझे पाचही थ्री-पट लांबून पहिला पट आखूड ठेवल्यामुळे झाले, दुपारच्या बर्म्युडा ग्रीनवर ग्रेन (गवताच्या पात्यांचा कल) उलटी होती, समोरून गवत काळपट दिसत होतं ते दिसूनही जोर तेवढाच लावला. ते सुटेल. आयर्न सुटत नाहीये.

तर आयर्न. नवीन लोकांसाठी एका वाक्यात, माझे आयर्न काही दिवस मधोमध लागतात आणि काही दिवस हीलला (फेसच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या सपाट भागाच्या, दांड्याकडच्या बाजूला), आणि हील अजून थोडं आत सरकलं की होझल (दांडा बसतो ती मान), म्हणजे शँक. आजवर मी याला "इनकन्सिस्टंट स्ट्राइक" म्हणत होतो, सगळेच म्हणतात, कोच पण म्हणाले. ८४ च्या आधीपासून एक सवय लावून घेतली, आयर्न शॉट झाला की फेस पुसायच्या आधी फोनने फोटो. कोर्सवर फेसला मार्कर-पावडर काही लावायचं नाही हं, गोल्फच्या नियम ४ मध्ये ते बसत नाही. लावायची गरजही नाही, आपल्याकडे धूळ इतकी असते की डिंपलचा गोल ठसा आपोआप उमटतो, सकाळी दव असेल तर अजूनच छान. फ्लाइटमधल्या (सोबत खेळणाऱ्या) मंडळींनी सुरुवातीला चिडवलं, आता तेच आपले फोटो दाखवतात.

१०३ चे सगळे फोटो त्या रात्री एकावर एक ठेवून बघितले आणि उडालोच. विखुरलेले ठसे दिसतील अशी अपेक्षा होती. दिसले दोन घोळके. पुढच्या नऊचा (पहिल्या नऊ होल्सचा) घोळका मधोमध, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा. मागच्या नऊचा (शेवटच्या नऊ होल्सचा) घोळका जवळपास तेवढाच, फक्त अख्खाच्या अख्खा हीलकडे सरकलेला, अर्धा इंच असेल. म्हणजे मी मागच्या नऊवर पण कन्सिस्टंटच मारत होतो, चुकीच्या जागी कन्सिस्टंट. याचा आनंद मी किती साजरा केला ते घरच्यांना विचारा, १०३ मारून आलेला माणूस रात्री साडेअकराला हसतोय. स्ट्राइक इकडेतिकडे उडत असेल तर त्यावर उपाय शोधणं कठीण, पण घोळका सरकत असेल तर तो कशाने तरी सरकतोय, आणि ते कशाने तरी सापडू शकतं.

मग ८४ चे फोटो काढले आणि अर्धा आनंद तिथेच गेला. शेवटच्या पाच होल्सना त्यातही ठसे हीललाच! त्या दिवशी सोळाव्यावर बॉल झाडाला लागून परत फेअरवेवर आला होता, सतराव्यावर हीलचा आखूड शॉट बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) अलीकडे थांबला, होल पारमध्ये (ठरलेल्या फटक्यांत) झाला, टाळ्या पडल्या. या रविवारी त्याच जातीचे शॉट्स कुंपणापलीकडे गेले. आता मला ८४ चा अभिमान किती बाळगावा कळत नाही. टूरवर पण असं होतंच म्हणा, जिम फ्युरिकने २०१६ च्या ट्रॅव्हलर्स स्पर्धेत ७३, ६६, ७२ मारून चौथ्या दिवशी ५८ मारले. ७२ च्या रात्री त्याच्याकडे बघून कोणी सांगितलं असतं का की उद्या टूरचा रेकॉर्ड आहे म्हणून? आणि टायगर वुड्स, म्युअरफील्डला २००२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये वादळात ८१, दुसऱ्या दिवशी ६५.

बरं, तर हीलकडे सरकतं कशामुळे. आमचा नेहमीचा कॅडी (बॅग उचलून सोबत चालणारा) मला मार्चपासून सांगतोय, "साहेब, बाराव्या होलनंतर तुम्ही बॉलवर चढता." मी हसण्यावारी नेत होतो, आता त्याच्या एका वाक्यासाठी मी एवढे फोटो काढले असं म्हणायला हरकत नाही. बॉलवर चढणे म्हणजे काय ते टेरेसवर तपासलं. सोसायटीच्या टेरेसवर आमची नेट लावलेली आहेच, बॉलच्या पाठीवर व्हाइटबोर्ड मार्करचा जाड ठिपका काढायचा, मारायचं, ठिपका फेसवर उमटतो. (इम्पॅक्ट स्टिकर घेऊ नका, महाग पडतात, चारपाच शॉट्समध्ये फाटतात आणि बॉल कसाही उडतो. मार्कर स्टेशनरीच्या दुकानात मिळतो.) ताज्या पायांनी मारले, ठिपके मधे. मग खाली उतरून जिने चढून परत आलो, दम लागलेला असतानाच मारले. ठिपके हीलला. परत विश्रांती, मधे. परत जिने, हील. शेजारच्या काकूंना वाटलं लिफ्ट बंद आहे.

मागून व्हिडिओ घेतला तेव्हा दिसलं. पाय दमले की डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली आणताना) वजन चवड्यांवर येतं, टाचा उचलतात, कंबर बॉलच्या दिशेने जाते, तिच्यामागून हात आणि क्लब पण पुढे ढकलले जातात. अर्ली एक्स्टेन्शन, सगळ्यांना माहीत असलेला आजार. पण मला तो फक्त दमल्यावर होतो, आणि म्हणूनच कोचसमोर तो कधी दिसलाच नाही, कारण लेसनला मी ताजातवाना जातो आणि अर्ध्या तासात लेसन संपतो.

रेंजवर (सरावाच्या जागी) का दिसला नाही याचं दुसरं कारण जास्त चिडवणारं आहे. मॅट, म्हणजे तिथली नकली गवताची चटई! मॅट फॅट शॉट लपवते हे आपण सगळे जाणतोच, क्लब बॉलच्या मागे आपटला तरी सरकत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी उडतो, मॅट म्हणजे लाडावणारी आजी आहे, नातवाने काहीही केलं तरी वा वा. पण ती अजून एक गोष्ट करते. मॅटला कडा असते. आपण नकळत बूट त्या कडेला लावून उभे राहतो, रबर टी (बॉल ठेवायची खुंटी) ठरलेल्या जागी असतो, त्यामुळे बॉलपासूनचं अंतर दर वेळी आपोआप तेवढंच. कोर्सवर ना कडा ना टी. त्यात उतार. मागे खारघरला खेळलो तेव्हा डोंगराच्या पायथ्याला बॉल पायांपेक्षा वर असलेल्या लाय (बॉल पडलेल्या जागा) भरपूर मिळाल्या, बॉल वर म्हणजे आपल्याला जवळ, ग्रिप खाली धरली नाही की हील किंवा फॅट ठरलेलं, आणि लक्ष्याच्या डावीकडे जाणार ते वेगळंच. तिथले ठसे असते तर काय दिसलं असतं याची कल्पना करवत नाही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला, बॉलपासून जरा लांब उभं राहायचं. मागच्या नऊला बरं वाटलं, पण पुढच्या नऊला ठसे टो-कडे (हीलच्या उलट टोकाकडे) गेले, हातात झिणझिण्या आणि सात आयर्न सहाव्या होलला वीस यार्ड आखूड. म्हणजे सेटअपचं अंतर बदलून उपयोग नाही, सेटअप ठीकच आहे, बिघडतंय ते मधे.

दुसरा उपाय, बॉलच्या पलीकडे, बोटभर अंतर सोडून हेडकव्हर (क्लबच्या डोक्यावरची टोपी) ठेवायचा आणि त्याला न लागता मारायचं. शँकवर जुना इलाज आहे, काम करतो. जिने चढून केलं तेव्हा सुरुवातीला हेडकव्हर टेरेसच्या टाकीपर्यंत उडत होता, नंतर ठिपके मधे यायला लागले. पण कोर्सवर हेडकव्हर ठेवता येत नाही.

कोर्सवर चालणारी गोष्ट एकच मिळाली, बुटात बोटं हलवणं. अ‍ॅड्रेसला (मारायच्या पवित्र्यात) उभं राहिलं की बुटाच्या आत पायाची बोटं वर-खाली हलवून बघायची. हलतात म्हणजे वजन चवड्यांवर नाही. हलत नसतील, बोटांनी जमीन घट्ट पकडलेली असेल, तर बाजूला व्हायचं. वेळ लागत नाही, कोणाला दिसत नाही, नियमात बसतं. बुधवारी नऊ होल खेळलो, मुद्दाम मागचे नऊ, आणि ठसे जवळजवळ सगळे मधे! चौदाव्यावर १५० यार्डांवरून सात आयर्नने असा बसला की हाताला काही लागलंच नाही, बॉल पिनच्या (खड्ड्यातल्या झेंड्याच्या) मागे आठ फुटांवर. (पट गेला नाही. वर बघा, निम्मे.)

आता दुरुस्ती दुकानांचं. मागच्या महिन्यात एका ठिकाणी रीग्रिपिंगला (मुठी बदलायला) क्लब दिले होते, तिथल्या माणसाने स्विंग बघितला पण नाही आणि म्हणाला, शाफ्ट बदला सर, कन्सिस्टन्सी येईल. शाफ्ट म्हणजे क्लबचा दांडा. पूर्ण सेटचं कोटेशन पण दिलं. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. माझं मत, स्ट्राइकचा घोळका कुठे आहे हे माहीत नसताना शाफ्टवर एक रुपया घालू नये. त्याने ग्रिप मात्र मस्त बसवल्यात, ते कबूल. आणि ते छोटं रडार लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र), ज्याच्याबद्दल बऱ्याच जणांनी मेसेज केले, बॉल स्पीड ठीक सांगतं, पण बॉल फेसवर कुठे लागला हे सांगत नाही, आणि माझा प्रश्न तर नेमका तोच आहे. कॅडीकडून पाण्यातले बॉल घेणाऱ्यांना एवढंच की एका राउंडला एकच मॉडेल ठेवा, नाहीतर आखूड का पडला हे ठशावरूनही कळणार नाही.

इथवर लिहून झालं होतं आणि बेत असा होता की पुढचा महिना टेरेसवर हेडकव्हर ड्रिल. पण लिहिता लिहिता एक सुचलं म्हणून मधेच थांबून जुनी कार्डं काढली. हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) म्हणजे शेवटच्या २० राउंड्समधल्या सगळ्यात चांगल्या ८ डिफरेन्शियलची सरासरी, बाकीच्या १२ कडे सिस्टिम बघतच नाही. म्हणून तर आपण आपल्या हँडिकॅपला क्वचितच खेळतो आणि दर वेळी वाटतं आज काहीतरी बिघडलं. मग सगळ्यात वाईट ८ ची सरासरी काढली तर? उलटा हँडिकॅप. माझा सरळ १७.२, उलटा २४.६. फरक ७.४. हाच माझा इनकन्सिस्टन्सीचा आकडा, आणि आता मला १७.२ खाली आणण्यापेक्षा तो २४.६ खाली आणण्यात जास्त रस वाटतोय. तुमचा पण काढून सांगा, सिंगल हँडिकॅपवाल्यांचा (दहाच्या आतल्यांचा) फरक किती असतो याची फार उत्सुकता आहे.

आणि त्या वाईट आठ कार्डांमध्ये अजून एक दिसलं. जवळपास सगळ्या राउंड्स अशा की कॅडी मिळाला नव्हता आणि बॅग मी खांद्यावर घेऊन चाललो होतो, टी-ऑफ (राउंडची सुरुवात) सकाळी नऊ वाजल्याच्या पुढे. हा रविवार पण तसाच, आमचा कॅडी गावी गेला होता. चांगल्या आठमध्ये बहुतेक सकाळी साडेसहाच्या. म्हणजे ड्रिल करायच्या आधी बॅगच उचलायची नाही हा प्रयोग स्वस्त पडेल! त्यामुळे बेत बदलला. शाफ्टच्या कोटेशनला 'नको' कळवलंय, तीनचाकी पुश ट्रॉली बघतोय, आपल्या उन्हात टिकणाऱ्या टायरची कुठली आहे ते सांगा, हवेच्या टायरवाली नको, एका मित्राची दुसऱ्याच राउंडला काट्याने बसली. नवव्यानंतर हाफवे हाउसला भज्यांऐवजी केळं आणि मीठ-साखरेचं पाणी. बॅगमधून तीन नंबरचं आयर्न आणि ते कधीच न वापरलेलं पाच नंबरचं वुड (लांब फटक्याचा क्लब) बाहेर. पुढची राउंड मुद्दाम दुपारच्या टी-ऑफची घेतोय, कॅडीशिवाय, ट्रॉलीवर, आणि फोटो सगळ्या शॉट्सचे. मागच्या नऊचा घोळका मधेच राहिला तर दोषी पाय नव्हते, खांद्यावरचं ओझं होतं. हीललाच गेला तर मग जिने आहेतच.