लोइस वेबरची शॉटवही: ‘सस्पेन्स’ संपला, ‘द ब्लॉट’ सुरू

मंडळी, ‘सस्पेन्स’ची शॉटनोंद, म्हणजे एकेका शॉटची वहीत केलेली नोंद, एकदाची हातावेगळी केली. १९१३ चा एका रिळाचा मूकपट, जेमतेम दहा मिनिटांचा. पण एकेक फ्रेम पुढे सरकवत बघायला बसलं की वेळेचं भान राहत नाही. मूकपटांच्या काळातली अमेरिकी दिग्दर्शिका लोइस वेबर हिने नवरा फिलिप्स स्मॉलीसोबत तो दिग्दर्शित केला आणि तान्ह्या बाळाला घेऊन घरात अडकलेली बायकोही तिनेच रंगवली.

यातल्या तीन त्रिकोणांच्या पडद्याबद्दल सगळेच बोलतात: फोनवरची बायको, ऑफिसातला नवरा आणि घरात शिरू पाहणारा भटक्या, तिघं एकाच चौकटीत. मी मात्र अडकून पडले ती वरून घेतलेल्या शॉटवर. बायको खिडकीतून खाली डोकावते. भटक्याचा चेहरा हळूच वर वळतो आणि त्याचे डोळे थेट कॅमेऱ्यात रोखले जातात. म्हणजे तिने त्याला पाहिलं, हे त्यालाही कळलं! पडद्यावर मजकुराची पाटी नाही, हातवारे नाहीत. पुढे नवरा दुसऱ्याची मोटार पळवतो, तेव्हा मागून येणारे पोलीस आपल्याला मोटारीच्या आरशात दिसतात. म्हणून वहीत शॉटचा प्रकार आणि लांबी यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखला: ‘हे कोणाला दिसतंय?’

त्या रकान्याचं खरं चीज ‘द ब्लॉट’मध्ये (१९२१) होतंय. तुटपुंज्या पगाराच्या प्राध्यापकाचं घर, शेजारी खाऊनपिऊन सुखी कुटुंब. घरात मुलगी आजारी, आणि आईची नजर शेजारणीच्या कोंबडीवर. ती कोंबडी उचलते, पण मन खातं म्हणून परत ठेवते. मुलीने फक्त उचलताना पाहिलंय, ठेवताना नाही! आपण दोन्ही पाहिलेलं असतं, त्यामुळे पुढचा तिचा प्रत्येक क्लोजअप बघताना जीव तुटतो. क्लेअर विंडसरने ही मुलगी फार संयमाने उभी केली आहे. विरलेला गालिचा, झिजलेले बूट यांनाही वेबर माणसांइतकाच निवांत वेळ देते.

मधल्या ‘शूज’वर (१९१६) अजून धावती नजरच टाकली आहे. फाटक्या बुटांत घालायला पुठ्ठ्याचे तळवे कापणारी मेरी मॅक्लेरन डोळ्यांसमोरून हलत नाही. ॲमस्टरडॅमच्या आय फिल्म म्युझियमने हा चित्रपट पुन्हा उभा केला, त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

नवीन आलेल्यांसाठी थोडं तिच्याविषयी: १८७९ चा जन्म, पेनसिल्व्हेनियातला. चित्रपटांत येण्याआधी ती पियानो वाजवायची, चर्चच्या सेवापथकासोबत रस्त्यावर गायची. १९१४ च्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये पोर्शियाही तिची आणि दिग्दर्शनातही ती, तो चित्रपट आज हाती नाही. १९१७ मध्ये तिने स्वतःची निर्मितीसंस्था काढली. आपल्याकडे मुंबईत पहिली भारतीय स्त्री-दिग्दर्शक फातमा बेगम हिने १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ केला, त्याची तर एकही फ्रेम बघायला मिळत नाही. वेबरचं जे उरलंय ते इतकं बारकाईने बघण्याचा माझा हट्ट त्यापायीच आहे.

वेगाबद्दल एक सांगते. प्रत घाईघाईत चालत असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग कमी करा, माणसं सहज चालताहेत असं वाटेपर्यंत. ‘ई’ दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. शॉटची लांबी मी सेकंदांत न लिहिता फ्रेममध्ये लिहिते, कारण सेकंद प्रतीगणिक बदलतात. फक्त तीच फ्रेम दोनदा छापलेली नाही ना, एवढं आधी तपासून घ्या.

‘द ब्लॉट’ संपला की ‘हिपोक्रिट्स’ (१९१५) घेणार आहे. त्यातलं ‘सत्य’ नावाचं पात्र पारदर्शक दिसतं, ते एकावर एक चित्रण करून. ते शॉट वहीत कसे मांडायचे, एक म्हणून की दोन, हे कोणी आधी ठरवलं असेल तर जरूर कळवा.