आमची वाटचाल : बिनसाखरेचं पाकीट

बेबी फूडचा धंदा दोघांनी मिळून काढला. भाजायला एक जुना रोस्टर, दळायला एक पल्व्हरायझर आणि एक बारीक जाळीची चाळणी. नोकरीवर जाणाऱ्या आया वाढत होत्या, घरातली हाताखालची माणसं कमी होत होती; धान्याला मोड आणून, वाळवून, दळत कोण बसणार? बेबी फूड खपणार हे भागीदाराने माझ्या आधी ओळखलं. कबूल आहे.

पण त्याला साखर घालायची होती. "पोर चाटून खाईल, आई दुसरं पाकीट नेईल." हिशोब चोख होता. मी अडून बसलो. तो गेला, जाताना निम्मे दुकानदार घेऊन गेला. पुढे त्याचे फुकट नमुने दवाखान्यांतून आयांच्या हातात पडू लागले. असं करू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनात आहे. वाचतो कोण?

त्याच वर्षी आम्ही बुडता बुडता वाचलो. आमचा सगळा भरवसा माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावर. मोडामुळे अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, तयार होतं, म्हणून पीठ जास्त घातलं तरी पेज पातळ राहते आणि बाळाच्या एवढ्याशा पोटात जास्त ताकद जाते. माल्ट फार तापवला तर अमायलेज मरतं, कमी तापवला तर ओल राहते. ड्रायरचा थर्मोस्टॅट बिघडला, काटा मात्र जागच्या जागी. पाकिटं फोडली तर आत गठ्ठे आणि कुबट वास. बुरशी म्हटली की अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, भीती आली, आणि खाणारं तोंड सात महिन्यांचं. अख्खा लॉट परत मागवून जाळला.

परत आलेलं पहिलं खोकं एका मेडिकलवाल्या बाईंचं. सगळ्यांदेखत झापलं मला. मग पुढच्या लॉटचे पैसे आगाऊ मोजून दिले. त्यातून ओल मोजणारा मॉइश्चर मीटर आला.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनो, जाहिरातीआधी तो घ्या. आणि चाळणी रोज संध्याकाळी दिव्यासमोर धरा. तार तुटली असेल तिथून उजेड जास्त येतो. तुकडा सापडेपर्यंत त्या दिवसाचा माल बाहेर सोडू नका. स्टीलची तार चुंबकाला लागेलच असं नाही.

पुढची आठ वर्षं बरी गेली.

गेल्या महिन्यात भागीदाराचा फोन. आया आता पाकिटामागची साखर वाचतात म्हणे. "माझ्यासाठी बिनसाखरेचा माल जॉबवर्कवर करून देशील?" दर सांगितला. अजून उत्तर नाही.