प्रेसवर दोन बोटं गेली, त्याची भरपाई कशी मिळवली: माझा अनुभव

भोसरीत एका छोट्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पीस काढायच्या पॉवर प्रेस मशीनवर कामाला होतो, २०२१ ला उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन्ही मुळापासून. भरपाई कोर्टातून मिळाली. गावाकडचे, लाईनवरचे बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

आमचा प्रेस डबल मारायचा. म्हणजे पायडल एकदा दाबला की रॅम, म्हणजे वरचा दट्ट्या, एकदाच खाली यायला पाहिजे, पण क्लचची चावी झिजली असली की तो आपोआप परत येतो आणि तेवढ्यात तुमचा हात पीस काढायला डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात असतो. मशीनला दोन्ही हातांनी दाबायची बटणं होती पण त्यानं प्रॉडक्शन कमी निघतं म्हणून मी लागायच्या आधीच ती काढून पायडल जोडलेला. शेटला सगळं माहिती होतं.

हॉस्पिटलात नेलं तेव्हा सुपरवायझर सोबत होता. तो रस्ताभर सांगत होता की घरी मिक्सरमध्ये हात गेला असं सांग, कंपनी म्हणलास तर पोलीस येणार, ऑपरेशनला उशीर होणार. मी बोलायच्या अवस्थेत नव्हतो. बायको पोचली होती तिथं, तिनं ते ऐकलं आणि डॉक्टरला सरळ म्हणली, मिक्सरनं बोटं अशी चेंदत नाहीत साहेब, कंपनीत लागलंय, तेच लिहा. मग केसपेपरवर लिहिलं गेलं, पॉवर प्रेस, कामाच्या ठिकाणी, वेळ दुपारी अमुक वाजता. ही एक ओळ पुढं सगळ्यात जास्त कामाला आली, बाकी कायदा वकील बघतातच.

ऑपरेशनचा खर्च शेटनं केला, नाही कशाला म्हणू. पण टाके निघाले आणि ५०० चा स्टॅम्पपेपर घेऊन माणूस घरी. पन्नास हजार घ्या, राजीखुशीनं मिटलं, पुढं काही मागणी नाही अशी सही करा. घरमालक जुने युनियनवाले होते, ते म्हणले सही करू नको आणि पैसेही घेऊ नको. नंतर वकिलांकडून कळलं की हक्क सोडून देणारा असा करार भरपाई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तसाही टिकत नव्हता, तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागायची. पण हे कामगाराला कोण सांगणार, सही केलेला माणूस पुन्हा दारात जातच नाही.

आता कुठला कायदा ते. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा लागतो, मग पगाराच्या प्रमाणात आयुष्यभर महिन्याला पैसे येतात आणि वेगळी भरपाई मागता येत नाही. आम्ही सात-आठ जण, त्यामुळं ईएसआय नाही. आमच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसान भरपाई कायदा. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीय, माझी केस जुन्यातली.)

वकील फुकट मिळाले, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. औद्योगिक कामगाराला तो हक्क आहे, त्यात उत्पन्नाची अट लागत नाही. आधी शेटला नोटीस, उत्तर नाही, मग पुण्यात लेबर कोर्टात अर्ज. तिथले न्यायाधीशच आयुक्त म्हणून बसायचे.

शेटचं कोर्टात म्हणणं काय, तर हा आमच्याकडं कामालाच नव्हता! पगार रोखीत, स्लिप नाही, हजेरी वही त्यांच्याकडं. पण रोज रात्री शिफ्ट संपली की ग्रुपवर पीसचा आकडा आणि मशीनचा फोटो टाकायची शेटचीच सक्ती होती, ते सगळं मोबाईलमध्ये पडून होतं. शिवाय ॲडव्हान्स घेतला की तो शेटच्या खात्यावरून फोनपेला यायचा. ते छापून लावलं. सोबतचा पोरगा साक्षीला यायला तयार झाला नाही आणि त्याचा राग नाही, त्याचं पोट तिथंच होतं. उलटतपासणीत त्यांच्या वकिलानं विचारलं दोन हातांची बटणं तुम्हीच काढली ना, मी म्हणलो पायडलची वायरिंग मी केली का ते इलेक्ट्रिशियनला बोलवून विचारा. ते काही इलेक्ट्रिशियनला घेऊन आले नाहीत.

जुन्या कायद्यात हिशोब असा होता. पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून महिन्याला जास्तीत जास्त १५,००० धरायचे, आधी ८,००० च होते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. वयाप्रमाणं तक्त्यातला आकडा, माझं वय तीस म्हणून २०७.९८. गुणाकार येतो १८,७१,८२०. त्यातून अपंगत्वाचे टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टात २० टक्के. म्हणजे ३,७४,३६४.

वकिलांनी जास्त मागितलं होतं. १९७५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, डावा हात गेलेल्या सुताराला सुतारकाम करता येत नाही म्हणून शंभर टक्के धरले होते, तो दाखवला. कोर्ट म्हणलं तुम्ही दुसरं काम करू शकता, २० टक्केच. मला हे अजून पटलेलं नाही. उजव्या हाताला तीन बोटं असलेल्या माणसाला प्रेसवर कोण उभा करतो? कागदावर वीस टक्के, पण ज्या कामाचा पगार मिळायचा ते काम शंभर टक्के गेलं.

मूळ रकमेवर १२ टक्के व्याज मिळालं आणि वेळेत न दिल्याबद्दल दंडही लागला, दंड ५० टक्क्यांपर्यंत लावता येतो. मजा म्हणजे शेटकडं विम्याची डब्ल्यूसी पॉलिसी होती, म्हणजे कामगाराची भरपाई विमा कंपनी भरते ती, आधीच सांगितलं असतं तर त्याच्या खिशाला हातच लागला नसता. मूळ आणि व्याज विमा कंपनीनं भरलं, दंड मात्र त्याला स्वतःला भरावा लागला. हायकोर्टात जाणार म्हणत होता, पण अपील करायचं तर आधी सगळी रक्कम कोर्टात भरून पावती जोडावी लागते, ते ऐकून गप्प झाला.

फिजिओची बिलं मी वेगळी ठेवली होती, ती पण मिळाली, फक्त ज्यांच्यावर शिक्का होता तेवढीच. आता एका गोडाऊनला स्टोअर बघतो, पगार आधीपेक्षा कमी आहे. कुणाच्या घरी असं झालं असेल तर पहिला केसपेपर आधी वाचा, चुकीचं लिहिलं असेल तर डॉक्टरकडं त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. माझ्या वेळी दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं होती, शेटच्या बघू-करू मध्ये ती निघून जाऊ देऊ नका.