आमची वाटचाल : नाटकाच्या मंडपातून रेकॉर्डिंगच्या खोलीत

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकनाट्यांचं, माहेर. दिवाळी ते होळी हा इथला हंगाम, आणि ड्रमसेट भाड्याने देण्याचा आमचा धंदा त्यावरच उभा राहिला. रेकॉर्डिंग नंतरचं. त्यात आमचा आदर्श बुच विग. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विरोक्वा या छोट्या गावचा हा रॉक ड्रमर. १९८३ साली स्टीव्ह मार्करबरोबर त्याने मॅडिसनला स्मार्ट स्टुडिओ काढला आणि आसपासचे बँड रेकॉर्ड करत हात बसवला. १९९१ साली निर्वाणा या रॉक बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचा निर्माता म्हणून नाव झालं, तरी पुढे गार्बेज या बँडमध्ये तो पुन्हा ड्रमवर बसलाच.

निर्माता मुळात ड्रमर असला की माइकच्या आधी स्किनकडे, म्हणजे ड्रमवर ताणलेल्या पडद्याकडे, बघतो. आम्हीही तसंच करतो. नवी स्किन चढवताना सगळे स्क्रू आधी बोटांनी आवळायचे. मग चावीने पाव-पाव फेरा, एकाला दिला की लगेच समोरच्याला. ओळीने आवळत गेलं तर रिम (स्किन दाबून धरणारी कडी) तिरकी बसते आणि टॉमचा (सेटमधल्या मधल्या आकाराच्या ड्रमचा) सूर मारल्यावर घसरतो. प्रत्येक स्क्रूपासून बोटभर आत काठी टेकवून ऐकायचं. सगळीकडे एकच सूर हवा. २२ इंची बास ड्रममध्ये पातळ गोधडी, दोन्ही स्किनना जेमतेम टेकेल एवढीच. जास्त कोंबली की खोका वाजवल्यासारखं होतं.

माइक चारच, ग्लिन जॉन्स या ब्रिटिश रेकॉर्डिंग इंजिनिअरच्या पद्धतीने : एक बासला, एक स्नेअरला (खाली तारा लावलेल्या ड्रमला), एक डोक्यावर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या टॉमच्या) बाजूला. शेवटच्या दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर सुतळीने मोजून सारखं ठेवायचं. ३४ सेंमीचा फरक पडला तर एका माइकचा आवाज १ मिलिसेकंद मागे पडतो, ५०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही माइकचे आवाज एकमेकांना खातात आणि स्नेअर पोकळ होतो.

मे महिन्यात खरी पंचाईत कूलरची. त्याची घरघर माइकमध्ये येते हे सगळ्यांना कळतं. त्याच्या ओलाव्याने ढोलकीचं कातडं उतरतं, हे उशिरा लक्षात येतं. म्हणून टेकच्या, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्डिंगच्या, बऱ्याच आधी कूलर बंद, आणि ढोलकी शेवटी चढवायची.

आमची गाणी मोबाइलवर ऐकली जातात. तिथे ८० हर्ट्झखालचं काही पोचत नाही, त्यामुळे बासचा ठोका ३-४ किलोहर्ट्झवर थोडा उचलावा लागतो.

मंडळं आता ऑक्टोपॅडच (इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड) मागतात, ड्रमसेटचं भाडं रोडावलंय. रेकॉर्डिंगला मात्र झांजा खऱ्याच लावतो. पॅडवरच्या झांजेची आस मधेच तुटते.