चार मोबाईल, आणि पाचवा

मी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. मुलगा बाल न्याय मंडळापुढे आला की १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. कायद्याने मुलाला 'अटक' होत नाही, 'ताब्यात' घेतात. बातमीत मात्र अटकच छापून येते.

त्या प्रकरणात चार अल्पवयीन मुलं होती आणि पाचवा १९ वर्षांचा. वार एकानेच केला होता, १७ वर्षांच्या मुलाने. भारतीय न्याय संहितेचं कलम १०९, खुनाचा प्रयत्न. या कलमाला किमान ७ वर्षांची शिक्षा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार मुलांसाठी हा 'गंभीर' गुन्हा, 'निर्घृण' नव्हे. त्यामुळे चौघंच असते तर एफआयआर न होता पोलिसांच्या स्टेशन डायरीत नुसती नोंद झाली असती. सोबत सज्ञान होता, म्हणून एफआयआर झाला. वार एक, गुन्ह्यांच्या आकडेवारीच्या तक्त्यात बालकं चार. 'हिंसक मुलं वाढली' म्हणणाऱ्यांना मी दरवेळी सांगते, मुलं घोळक्याने भांडतात आणि आपण डोकी मोजतो. कोणी काय केलं याला रकानाच नाही. पोलिसांच्या फॉर्ममध्येही चौघांच्या नावापुढे एकच कारण: वाईट संगत.

चौथा मुलगा सोळाचा. "मी फक्त मोबाईल धरले होते," एवढंच सांगत होता. मी अशा वेळी 'का' विचारत नाही, करून दाखवायला सांगते. त्याने ओंजळ पुढे केली.

"किती होते?"

"चार." मग बोटं मोजली. "नाही, पाच."

पाचवा जखमी मुलाचा. झटापटीत पडला, याने उचलून बाकीच्यांवर ठेवला. तो वाजायला लागला. स्क्रीनवर 'आई'.

तोवर माझा अहवाल डोक्यात लिहून झाला होता: सहभाग किरकोळ, समुपदेशन, घरी सोपवावं.

"कट केलास?"

"नाही. वाजून बंद झाला. परत वाजला."

"उचलला का नाहीस?" या वेळी माझ्या तोंडून 'का' गेलंच.

बराच वेळ तो स्वतःच्या ओंजळीकडे बघत राहिला. "काय सांगणार होतो त्यांना?"

शिफारस मी बदलली नाही. फोनचं मात्र सगळं लिहिलं, दोनदा वाजला तेही. मंडळातल्या सदस्य मॅडमनी तो परिच्छेद वाचून विचारलं, "हे त्याच्या बाजूने धरायचं की विरोधात?"

मला सांगता आलं नाही.