शिक्का मारला की झालं ना?

मी रबरी शिक्क्यांचे ठसे घेऊन भेटकार्डं करते. "ताई, शिक्काच मारायचा, मग हातानं केलेलं कार्ड कसं म्हणता?" वेंगुर्ल्याच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात, पोस्टाच्या खिडकीशीही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिक्का तोच असतो, ठसा दरवेळी वेगळा उठतो. शिक्का पॅडवर दाबायचा नसतो. तो उताणा धरायचा आणि पॅडच त्याच्यावर हलके हलके टेकवायचं. दाबलात तर शाई खाचांत भरते आणि नक्षीच्या जागी डाग पडतो. कार्डाखाली वर्तमानपत्राची घडी हवी. शिक्का सरळ खाली, तळव्याचा सारखा दाब, सरळ वर. जरा डुलला की कडेची रेघ उमटलीच. तेवढ्या दोन क्षणांत माझा श्वास अजूनही अडकतो.

त्यात आमचं कोकण! वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. जुलैत कपाटातला कोरा कागदसुद्धा हाताला ओलसर लागतो. पातळ शाई त्यावर फुटते. दाट पिग्मेंट शाई फुटत नाही, पण वाळायचं नाव घेत नाही. म्हणून चतुर्थीची कार्डं मी मे महिन्यातच करते. घरात एकीकडे आंबोशी आणि फणसाची साठं वाळत असतात, दुसरीकडे सावलीत माझी कार्डं. पाऊस यायच्या आत सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात.

या चतुर्थीच्या कार्डावर माझा फार जीव आहे. त्यावर मी माटवी छापते. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं-फुलं बांधतात ती. कवंडाळ, सुपारीचा घोस, आंब्याचा टाळ म्हणजे पानांची डहाळी, प्रत्येकाचा वेगळा छोटा शिक्का. आंब्याच्या पानाला एकदाच शाई लावायची आणि लागोपाठ तीनदा ठसा घ्यायचा. पहिलं पान गडद, दुसरं फिकं, तिसरं अगदी पुसट. गडद पान पुढे येतं, पुसट मागे जातं आणि सपाट कागदावर टाळ दाट दिसायला लागतो. माटवीतला कुठला ठसा कुठे बसवायचा हे शिक्का सांगत नाही. ते बघायला आमच्या घरची माटवी डोळ्यांसमोर असावी लागते.

मराठी अक्षरांचे शिक्के सहज मिळत नाहीत. ‘हॅपी बर्थडे’ हवे तेवढे, ‘तिळगूळ घ्या’ विचारलं की दुकानदार मान हलवतो. मग मी मोठ्या खोडरबरावर कोरते. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीनं शब्द लिहायचा, कागद रबरावर पालथा घालून नखानं घासायचा. अक्षरं आपोआप उलटी उतरतात आणि छापल्यावर सुलट येतात. शिरोरेषा मात्र जपावी लागते. पातळ कोरली तर दोन-चार ठशांत तुटते, म्हणून मी ती अक्षरांपेक्षा जाडच ठेवते.

वाढदिवस, बारसं, दहावीचा निकाल ही कार्डं पटकन होतात. रंग हवे तेवढे वापरता येतात, चूक झाली तर तिच्यावर फूल उमटवता येतं.

सगळ्यात जास्त वेळ लागतो तो सांत्वनाच्या कार्डाला. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना आपण हळदकुंकू लावतो. मयताचं पत्र मात्र वाचून फाडायची रीत, ते घरात ठेवत नाहीत. अशा ठिकाणी कार्ड पाठवावं की नाही, हाच मला बरीच वर्षं प्रश्न होता. मग शेजारच्या काकूंचे यजमान गेले. ते रोज पहाटे आमच्या कुंपणावरची तगर देवाला न्यायचे. मी तगरीचं एकच फूल कोरलं, राखाडी शाईत एकच ठसा घेतला आणि बाकी कागद कोरा सोडला. आत दोन ओळी लिहिल्या. अकरा ठसे बाद केले, बारावा दिला.

काकूंनी ते फाडलं नाही. गेल्या महिन्यात नेसायला म्हणून त्यांनी कपाटातून इरकल काढली, तर घडीतून तेच कार्ड निघालं. त्यांनी ते पुन्हा नीट घडीत ठेवलं आणि दुसरी साडी काढली.